म्हशी गेल्या आणि तळं बुजलं

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ कुरणं आणि पशुपालक यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्याची बातमी वाचून एका वाचकाने विचारलंय : ‘अभयारण्यात गुरं चारणं, लाकूडतोड आणि शिकार या तिन्ही गोष्टी पूर्ण बंद केल्या, तर वन्यजीव आपोआप वाढतील ना?’

या प्रश्नाचं उत्तर तर्काने द्यायची गरज नाही. आपल्याच देशात हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे आणि मुख्य म्हणजे तो होत असताना शास्त्रज्ञ तिथे वही घेऊन हजर होते. ठिकाण राजस्थानातलं भरतपूर.

भरतपूरचं केवलादेव घना अवघं २९ चौरस किलोमीटरचं आहे. ते निसर्गाने दिलेलं सरोवर आहे असं अनेकांना वाटतं, पण तो माणसाचाच कारभार. अठराव्या शतकात सूरजमल राजाने अजान बांध बांधला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला संस्थानाने तिथल्या सखल जमिनीत पाट आणि छोटे बांध घालून उथळ तळी तयार केली, ती बदकांच्या शिकारीसाठी. हिवाळ्यात बडे पाहुणे यायचे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा तिथल्या दगडी पाटीवर कोरलेला आजही वाचता येतो. मला तो वाचून शिसारी येते. तरीही अभ्यासक म्हणून एक गोष्ट नोंदवावीच लागते : इतक्या संहारानंतरही पुढच्या हिवाळ्यात पक्षी पुन्हा येतच राहिले, कारण त्यांना हवं असलेलं उथळ, मोकळं, अन्नाने भरलेलं पाणी तिथे होतं. आणि ते पाणी मोकळं ठेवण्यात मोठा वाटा होता आजूबाजूच्या गावांतल्या म्हशींचा.

त्या काळी कुणी तो वाटा मोजला नव्हता. १९५६ मध्ये घना पक्षी अभयारण्य झालं, १९८१ मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं आणि राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा पाठोपाठ आला. राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही, असा कायदा. शिवाय डॉ. सालिम अलींसह अनेक पक्षितज्ज्ञांचं ठाम मत होतं की गुरांमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची नासाडी होते. मग नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकदम बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं नेणाऱ्या गावकऱ्यांना पर्यायी कुरण दिलं गेलं नव्हतं. ते जमले, पोलिसांनी गोळीबार केला, काहींचे जीव गेले. पाणपक्ष्यांच्या भल्यासाठी माणसं मारली गेली, हे या गोष्टीतलं पान उलटून पुढे जाता येत नाही.

आणि पक्ष्यांचं भलं तरी झालं का? घन्यात एक पाणगवत आहे, शास्त्रीय नाव पास्पालम डिस्टिकम. ते काठावर रुजतं आणि धुमारे सोडत पाण्यावर पसरत जातं. पेराला मूळ, मुळाला नवा धुमारा, असं करत त्याची जाड चटई विणली जाते. चटईखाली ऊन पोहोचत नाही, म्हणून पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती मरतात आणि त्यांच्या कंदांवर नि बियांवर जगणाऱ्या बदकांचं ताट रिकामं होतं. पावसाळ्यात अजान बांधाच्या पाण्याबरोबर माशांची पिल्लं घन्यात येतात, त्यांनाही मोकळं पाणी लागतं. मासे कमी, की मासे खाणारे पक्षी कमी. गवत कुजतं, गाळ साचतो, तळं दरवर्षी थोडं थोडं उथळ होतं.

म्हशी होत्या तोवर हे घडत नव्हतं. कोळपणी केलेलं शेत आणि न केलेलं शेत शेजारी शेजारी पाहिलं असेल, तर म्हशींचं काम चटकन लक्षात येईल. कोळपं तण मुळासकट उपटत नाही, पण वेळेवर फिरलं की तणाला डोकं वर काढू देत नाही, मातीचा वरचा थर मोकळा करतं आणि पिकाला जागा राहते. एक पाळी चुकली तर चालतं, हंगामभर कोळपं फिरलंच नाही तर पीक शोधावं लागतं. म्हैस पोटापर्यंत पाण्यात शिरते, कोवळे धुमारे खाते, उरलेले तुडवते, लोळून चिखल ढवळते. तिच्या शेणावर किडे वाढतात, किड्यांवर पक्षी. गाय हे काम करू शकत नाही, ती काठावरच चरते. म्हणजे ‘गुरं’ हा एकच शब्द वापरून आदेश काढला, की पहिली चूक तिथेच होते. कोणतं गुरू, किती, कोणत्या महिन्यात आणि पाण्याच्या किती खोलीपर्यंत, यावर सगळा हिशेब बदलतो.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते डॉ. व्ही. एस. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. सालिम अलींचं नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं, विजयन यांचं मात्र फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने त्यांनी १९८० पासून दहा वर्षं घन्याचा अभ्यास केला. बंदीच्या आधीची वर्षंही नोंदीत होती, म्हणून तुलना शक्य झाली. १९९१ च्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं : चराईबंदीनंतर गवत माजलं, पाणपक्षी घटले, आणि या पाणथळीला ठरावीक प्रमाणात म्हशींची चराई हवी आहे. ज्या संस्थेचे सर्वांत मोठे पुरुष सालिम अली, आणि ज्यांनी बंदीचा पुरस्कार केला, त्याच संस्थेने बंदी फसल्याचा पुरावा आपल्या शिक्क्यानिशी प्रसिद्ध केला. ही सोसायटी १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते. त्या दोघांना या अहवालाचा अभिमान वाटला असता, असं मला वाटतं.

अहवाल आला तरी बंदी उठली नाही. गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. पण विळ्याने कापलेलं गवत आणि म्हशीने चरून, तुडवून, ढवळून मोकळं केलेलं पाणी यांत फरक आहेच.

भरतपूरच्या आसपासच्या गावकऱ्यांनी आणखी एक निरीक्षण सांगितलं होतं. पूर्वी लोक वाळ्याची मुळं खणून न्यायचे, त्यामुळे माती भुसभुशीत राहायची आणि सायबेरियन क्रौंचांना जमिनीतले कंद चोचीने उकरता यायचे. खणणं बंद झालं, माती घट्ट झाली. हे विधान मोलाचं आहे, कारण ते तपासता येतं. मात्र क्रौंच संपले ते एवढ्यामुळेच, असं म्हणणं घाईचं होईल. सायबेरियातून येताना अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या वाटेवर त्यांची शिकार होत असे. २००२ नंतर ते भरतपूरला दिसलेले नाहीत.

लाकूडतोडीच्या बाबतीत असाच धडा आपल्या शेजारी, दांडेली-कारवारच्या जंगलात मिळतो. १९५८ च्या सुमारास तिथल्या कागद गिरणीला सरकारने बांबू टनाला दीड रुपया दराने दिला, तेव्हा टोपल्या-सुपं विणणाऱ्या कारागिरांना तोच बांबू बाजारात हजार रुपयांच्या वर पडत होता. सत्तरच्या दशकात बांबू आटू लागला. वन खात्याचं म्हणणं, गावकऱ्यांची गुरं कोंब खातात. डॉ. माधव गाडगीळ आणि एस. नरेंद्र प्रसाद यांनी बेटाबेटांतून फिरून मोजणी केली. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. तोड सोपी व्हावी आणि बेट नीट वाढावं म्हणून ते ‘साफ’ करण्याचा नियम होता. पावसाळ्यात उगवणारा कोवळा कोंब त्या काट्यांच्या आडोशानेच वाचतो. काटे काढले की गुरं, वानरं, सायाळ आणि माणसंही कोंबांपर्यंत पोहोचतात. गावकरी बुडाचे काटे तसेच ठेवून, वरून बांबू तोडत असत, त्यामुळे त्यांची बेटं टिकली होती. म्हणजे गुरं कोंब खात होती हे खरं, पण दार उघडून दिलं होतं ते शास्त्रीय म्हणवणाऱ्या नियमाने.

शिकारीचा अभ्यासही महाराष्ट्रात झाला आहे. कैलाश मल्होत्रा आणि गाडगीळ यांनी फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांच्या शिकारीच्या पद्धती नोंदवल्या. एकाच मुलखात फिरणाऱ्या या तिघांचं लक्ष्य वेगळं. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून काळविटांच्या वाटेवर फास लावायचे, नंदीवाले कुत्रे घेऊन रानडुक्कर आणि सायाळ धरायचे, वैदू मुंगूस-उदमांजरांसारखे छोटे प्राणी आणि पाण्यातली कासवं-खेकडे. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी पूर्वी ते सोडून देत. उद्याचं काळवीट आपलंच आहे ही खात्री असेल तोवरच माणूस असं वागतो. बंदुका आणि जीपगाड्या घेऊन बाहेरचे शिकारी आले, तेव्हा आपण सोडलेलं पाडस दुसरा मारणार हे उघड झालं आणि संयमाला अर्थ उरला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण माळरानंच इतकी आक्रसली आहेत की शिकारीला वाव राहिलेला नाही. दुःख याचं आहे की काळविटांबद्दल सर्वांत जास्त जाणणाऱ्या लोकांच्या वाट्याला गुन्हेगारीचा शिक्का आला आणि वन खात्याच्या गणतीत त्यांना फारसं स्थान मिळालं नाही.

आता दुसरी बाजू. गुरं जंगलात गेली की भलंच होतं, अशी लाटही अलीकडे आली आहे. ॲलन सेव्हरी यांच्या २०१३ मधल्या गाजलेल्या भाषणाने तर गुरांचे कळप आखणीने चारून वाळवंटं हिरवी करता येतील आणि हवामानबदलही मागे फिरवता येईल, असा दावा जगभर नेला. नियंत्रित प्रयोगांत त्या दाव्याला पुरेसा आधार मिळालेला नाही. जंगलात नेलेल्या गुरांबरोबर रोगही जातात. १९६८ साली मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडीची साथ आली आणि गव्यांचे कळप बळी पडले. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली, पण लाळ्या-खुरकूत आहेच. सह्याद्रीच्या उतारावरचं झाडांचं कोवळं रोप शेळीच्या तोंडी लागलं की त्या जागी पुढचं झाड येत नाही. उथळ तळ्यात म्हैस जे काम करते, त्यावरून सदाहरित रानात गुरं सोडायचा परवाना काढता येणार नाही.

म्हणून वाचकाच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : जागा सांगा, प्राणी सांगा, मग बोलू. आणि चराई-तोडीचा परिणाम मोजणारी माणसं त्याच गावची असतील तर फार बरं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तोडीचा निर्णय ग्रामसभा घेते, पैसा गावात येतो आणि पुढच्या वर्षीचा कोंब वाचवण्यात गावाचाच फायदा असतो. सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना एक साधा प्रयोग करता येईल. चराईच्या रानात काही गुंठ्यांचे तुकडे तारेने बंद करायचे, शेजारी तेवढेच उघडे ठेवायचे, पावसाळा सरला की दोन्हीकडचं गवत कापून तोलायचं, रोपं मोजायची, सकाळच्या वेळी दिसलेले पक्षी वहीत लिहायचे. तीन-चार पावसाळ्यांत त्या रानाला किती गुरं झेपतात याचा अंदाज येऊ लागतो. वन खात्याने चराईबंदीचा पुढचा आदेश काढण्याआधी अशी एक वही मागवावी, आणि ती नसेल तर आधी कुंपणाची तार द्यावी.