‘श्यामची आई’ : बालवाचन आणि प्रौढवाचन

एखादी साहित्यकृती बालपणी वाचणे आणि तीच कृती प्रौढपणी पुन्हा वाचणे या दोन स्वतंत्र वाचनक्रिया आहेत. संहिता तीच असते. परंतु वाचकाचा अनुभव बदललेला असतो आणि त्यामुळे संहितेतील कोणत्या जागा त्याला दिसतात, हेही बदलते. प्रस्तुत लेखात साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या कृतीच्या आधारे या बदलाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. पदव्युत्तर वर्गात ही कृती चर्चेला आली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. काहींना ती वंदनीय वाटते, म्हणून तिच्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही. काहींना ती अश्रुविव्हळ आणि बोधवादी वाटते, म्हणून तिच्याकडे परत जाण्याची गरज भासत नाही. दोन्ही प्रतिक्रियांचे मूळ एकच आहे. दोन्ही गट बालपणीच्या वाचनाच्या स्मरणावर विसंबलेले असतात.

ही कृती साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली आणि 1935 मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांनी 1953 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला आणि 1954 मध्ये त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पाठ्यपुस्तकांतील उतारे आणि हा चित्रपट यांमुळे ही कृती सुट्या प्रसंगांच्या रूपाने मराठी मनात रुजली. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि त्याच्या पायांखाली आपले लुगडे पसरणारी आई. पोहायला भिणाऱ्या श्यामला मारून विहिरीकडे पिटाळणारी आई. बालवाचकाच्या स्मरणात राहतात ते हे प्रसंग. प्रत्येक प्रसंग स्वयंपूर्ण आहे, प्रत्येकाच्या अखेरीस एक मूल्य हाती येते आणि मुलाची चूक व आईची क्षमा यांचे वर्तुळ तेथल्या तेथे पूर्ण होते. बालवाचक श्यामशी एकरूप होतो. आई त्याला दिसते ती श्यामच्या बाजूने, म्हणजे खालून वर पाहताना.

प्रौढवाचनात प्रथम जाणवतो तो प्रसंगांचा क्रम. बेचाळीस रात्रींच्या या कथनाच्या अखेरच्या दहाबारा रात्रींची शीर्षके नुसती वाचली तरी ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘वित्तहीनाची हेटाळणी’, ‘अब्रूचे धिंडवडे’ अशी एक चढती मालिका दिसते. कोकणातील एका प्रतिष्ठित घराण्याच्या आर्थिक ऱ्हासाची ही कथा आहे. जमीन विकून कर्ज फेडावे हा आईचा सल्ला मानला जात नाही. वसुलीला आलेल्या माणसाचे अपमानास्पद बोलणे तिला दारात ऐकावे लागते आणि ती संतापाने उसळते. पुढे घराच्या जप्तीपर्यंत गोष्ट जाते. बालवाचकाला कर्ज म्हणजे काय हे कळत नाही. त्याला फक्त आई रडते एवढे कळते. प्रौढ वाचकाला मात्र ती कशासाठी रडते हे कळते. घरातील व्यवहाराचा निर्णय तिच्या हाती नाही, पण त्या निर्णयाची झळ प्रथम तिलाच लागते. स्वाभिमान, स्वावलंबन, काटकसर हे तिचे धडे मग केवळ सुभाषिते राहत नाहीत. ज्या घरातून प्रतिष्ठा हातची निसटते आहे, त्या घरात मुलांना देता येण्याजोगे एवढेच तिच्यापाशी उरले आहे.

अळणी भाजीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात आणि मुलेही तसेच करतात. लहानपणी या प्रसंगातून संयमाचा बोध होतो. प्रौढपणी लक्ष जाते ते सर्वांच्या मागून जेवायला बसणाऱ्या आईकडे. चूक तिला सर्वांत शेवटी कळते आणि तिची हळहळ ही त्या मौनाच्या थोरवीची दुसरी बाजू ठरते.

येथवर विवेचन असे सूचित करते की, बालवाचन भावनिक असते आणि प्रौढवाचन चिकित्सक. परंतु हे समीकरण तितकेसे निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलीला ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले. मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला मदत करायला आई श्यामला पाठवते आणि घरी आल्यावर आंघोळ करायला सांगते. मुलीने विचारले, “मदत करणे चांगले आहे, तर मग आंघोळ कशाला?” हे वाक्य लेखकाने स्वतः लहानपणी वाचले होते, पुढे वर्गातही शिकवले होते, पण तेथे थांबावे असे कधी वाटले नव्हते. आईची करुणा खरी आहे आणि तिची मर्यादाही खरी आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसलेला लेखक आईच्या शिकवणुकीतून घडला आणि तिच्या पुढेही गेला. प्रश्न विचारणारी बालवाचक भक्तिभावाने वाचणाऱ्या प्रौढापेक्षा संहितेच्या अधिक जवळ असू शकते, हे या अनुभवाने पटले. वाचन ठरते ते केवळ वयाने नव्हे. वाचक कोणत्या काळात आणि कोणत्या जागी उभा आहे, यानेही ते ठरते.

शेवटी कथनाच्या चौकटीचा विचार करावा लागतो. बालवाचक ही चौकट बहुधा ओलांडून जातो. श्याम या आठवणी मुलांना सांगत नाही. आश्रमातील आपल्या मित्रांना तो त्या रात्री सांगतो. म्हणजे ही कृती मुळातच एका प्रौढाने केलेले आपल्या बालपणाचे पुनर्वाचन आहे. आणि हा निवेदक आईच्या अखेरच्या क्षणी तिच्याजवळ नव्हता. तो घरी पोचतो तेव्हा त्याला राख तेवढी दिसते. अखेरच्या प्रकरणाच्या शीर्षकातील ‘स्मृतिश्राद्ध’ हा शब्द या संदर्भात वाचावा लागतो. कृतीत दोन ऋणे आहेत. एक सावकाराचे, ज्याने घर बुडाले. दुसरे आईचे, जे वेळेवर फेडता आले नाही. बालवाचकाला दुसऱ्या ऋणाची गोडी लागते. प्रौढ वाचकाला पहिल्याचा हिशेब दिसतो. दोन्ही एकत्र वाचली म्हणजे बोधवादी वाटणाऱ्या या निवेदनामागचा अपराधभाव उमगतो. आणि निवेदक एवढ्या तळमळीने का बोलतो, याचेही उत्तर मिळते.

म्हणून ‘श्यामची आई’ शिकवताना विद्यार्थ्यांना त्यांचे बालपणीचे वाचन विसरायला सांगणे योग्य नाही. ते वाचन प्रथम लिहून काढायला सांगावे, आणि मग पुस्तक पुन्हा हाती द्यावे. त्या दोहोंत पडलेले अंतर हाच अभ्यासाचा विषय आहे.