गावाला ग्रामसभा आहे, शहराला काय?

पावसाळा सरला, की हिवरे बाजारची ग्रामसभा वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम हाती घेते. ते काम म्हणजे पाण्याचा ताळेबंद. नगर शहरापासून जेमतेम सतरा किलोमीटरवर असलेल्या या गावात पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवल्या जातात, विहिरींची पातळी मोजली जाते आणि शिवारात नेमके किती पाणी आले याचा आकडा गावापुढे मांडला जातो. हिशेब कोणत्याही शाळकरी मुलाला जमेल असा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी मिळते. गावाचे क्षेत्र पावणेदहाशे हेक्टरांच्या आसपास आहे. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला, की शिवारावर जवळजवळ एक कोटी लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे उन्हाने उडून जाते, काही वाहून जाते, काही मातीत मुरते. उरते ते विहिरींच्या वाट्याला येते आणि वाटपाचा विचार करायचा असतो तो त्याचाच.

वाटपाचा क्रमही ठरलेला आहे. आधी माणसांचे पिणे, मग जनावरांचे, त्यानंतर शेती. वर्ष चांगले असेल तर रब्बीला मोकळीक मिळते. पावसाने दगा दिला तर पेरा कमी करायचा, अधिक पाणी पिणारी पिके टाळायची. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही, हे निर्बंध तर वर्ष चांगले असो वा वाईट, कायम आहेत. देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० मध्ये घातला गेला, त्याच जिल्ह्यातले एक गाव ऊस न लावण्याचा निर्णय स्वतःहून घेते आणि पाळते, ही गोष्ट साधी नव्हे. शेतकऱ्याच्या खिशाला थेट हात घालणारा असा निर्णय तहसीलदाराच्या आदेशाने क्वचितच टिकतो. तो टिकला याचे कारण तो ज्यांच्यावर लागू व्हायचा, त्यांच्याच सभेत झाला.

पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच म्हणून निवडून आले तेव्हा हिवरे बाजार हे दुष्काळाने आणि दारूने पोखरलेले, रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे रिकामे होत चाललेले गाव होते. पुढे आदर्श गाव योजनेतून जलसंधारणाची कामे झाली. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही या योजनेची पंचसूत्री. तिचा उगम पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अनुभवात आहे. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा इतिहास नगरकरांना तोंडपाठ आहे. बंधारे आणि समतल चर पाहायला राज्यभरातून माणसे येतात. मात्र पाहुणे परत जाताना बंधाऱ्यांची छायाचित्रे नेतात आणि ज्या सभेने ते बंधारे राखले, ती सभा तिथेच राहते.

ग्रामसभेचे बळ कशात?

ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले ते ७३ व्या दुरुस्तीने. ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक प्रौढ व्यक्ती या सभेची सदस्य असते. तिला कोणी निवडून द्यावे लागत नाही की नेमावे लागत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे आणि प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन व गांधी जयंती या चार दिवशी त्या घेण्याचा प्रघात पडला आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. महिलांची स्वतंत्र सभा मुख्य सभेच्या आधी घ्यायची असते. योजनांचे लाभार्थी निवडणे, जमाखर्च पाहणे, विकास आराखड्याला संमती देणे ही कामे सभेची.

कागदावरचे हे चित्र सगळीकडे खरे नाही, हेही सांगितले पाहिजे. झेंडावंदन झाले, की त्याच मांडवात पंधरा मिनिटांत ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून वही मिटणारी गावे थोडी नाहीत. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही पळवाट पदाधिकाऱ्यांना चांगली ठाऊक असते. तरीही सभेची तारीख असते, विषयपत्रिका असते, इतिवृत्त असते. ‘मागच्या सभेत ठरले होते त्याचे काय झाले?’ हा प्रश्न विचारायला माणसाला एक अधिकृत जागा असते. ती वापरायची की नाही, हे गाव ठरवते.

शहरात नेमकी हीच जागा सापडत नाही.

सावेडीचा रहिवासी कोणाला विचारणार?

नगरची महापालिका ३० जून २००३ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात आहे. सावेडी, केडगाव किंवा बोल्हेगावातल्या एखाद्या वसाहतीत पाण्याची वेळ बदलली, रस्ता पुन्हा उकरला गेला किंवा सीनेच्या पात्रात भराव पडू लागला, तर तेथील रहिवाशांपुढे पर्याय कोणते? निवेदन द्यायचे, नगरसेवकाच्या घरी जायचे, फार तर पालिकेसमोर धरणे धरायचे. तिन्हींमध्ये नागरिक हा अर्जदार आहे. हिवरे बाजारचा शेतकरी ग्रामसभेत बसतो तेव्हा तो अर्जदार नसतो, निर्णय घेणाऱ्यांपैकी एक असतो. अंतर सतरा किलोमीटरचे असले तरी नागरिकत्वाच्या दर्जात पडणारा फरक त्याहून बराच मोठा आहे.

कायद्याने शहराला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. १ जून १९९३ रोजी लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरवल्या. महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमानुसार या समितीत त्या भागातील नगरसेवक असतात आणि त्यांच्याखेरीज त्या भागात समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात. शहरातील बहुतेक नागरिक मंचांना या तीन जागांची कल्पनाही नसते. ज्यांना असते त्यांना त्या कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी राखलेल्या वाटतात.

त्याही पुढचे पाऊल म्हणजे क्षेत्रसभा. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी हवा असेल तर नागरी सहभागाचा कायदा करा, अशी अट राज्यांना घातली गेली आणि महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका व नगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या टापूतील सर्व मतदार हे तिचे सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष. थोडक्यात, शहरातली छोटी ग्रामसभा. अट पुरी झाली, निधी आला आणि तरतूद बहुतेक शहरांत पुस्तकातच राहिली. बहुसदस्यीय प्रभागपद्धतीने गुंता वाढवला. नगरमध्ये सतरा प्रभाग आहेत आणि प्रत्येकात चार, असे अडुसष्ट नगरसेवक. सभेत खुलासा करायचा कोणी, हा प्रश्न चौघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे ढकलू शकतो.

त्यातच मधली दोन वर्षे लोकप्रतिनिधींविनाच गेली. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला. २०२४ मध्ये शहराचे नाव अहिल्यानगर झाले तेव्हाही महासभा नव्हती. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील इतर महापालिकांबरोबर येथे मतदान झाले आणि अडुसष्ट सदस्य पुन्हा सभागृहात आले. नागरी गटांनी आपला कार्यक्रम आखायचा तर त्यासाठी नव्या सभागृहाचा सुरुवातीचा काळ जितका अनुकूल, तितका शेवटच्या वर्षाचा नसतो. तेव्हा नगरसेवकाचे लक्ष पुढच्या निवडणुकीकडे लागलेले असते.

आधी काय मागायचे?

नागरी गटांची वर्षाची यादी बहुधा ठरलेली असते : खड्डे, कचरा, मोकाट कुत्री, पथदिवे, एखादे वृक्षारोपण. यांतले काहीही गैर नाही. पण या प्रत्येक मागणीचे उत्तर एका दिवसाच्या कारवाईने देता येते आणि दुसऱ्या दिवशी परिस्थिती पूर्ववत होऊ शकते. हिवरे बाजारने आधी पाणी मागितले असते तर टँकर आला असता. त्या गावाने आधी सभा भरवली. त्या न्यायाने शहरातील गटांच्या यादीत पहिली मागणी खड्ड्याची नसून क्षेत्रसभेची आणि प्रभाग समितीतील त्या तीन जागांची असायला हवी. समितीच्या बैठकांची तारीख आधी जाहीर व्हावी, इतिवृत्त लोकांना पाहता यावे, ही मागणी तर पैशाचीही नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. महापालिकेचे अंदाजपत्रक हिवाळ्याच्या अखेरीस आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतात आणि नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी ते महासभेत मंजूर व्हावे लागते. वृत्तपत्रांत चर्चा होते ती मंजुरीच्या वेळी. तोपर्यंत आकडे गोठलेले असतात. खातेप्रमुखांकडून मागण्या गोळा होतात त्या कित्येक महिने आधी. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याचा उपक्रम सुरू केला. तेथे अर्ज पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात, ते याचसाठी. पुण्याचा अनुभव सर्वस्वी आदर्श नाही. बाक, पदपथ, दिवे अशा किरकोळ कामांच्या पलीकडे नागरिकांची पोच फारशी जात नाही, अशी टीका तेथील कार्यकर्तेच करतात. तरी अर्जाचा नमुना आणि मुदत निश्चित असणे, हेही नगरला अद्याप मिळवायचे आहे. मुळा धरणातून येणाऱ्या पाण्यावर किती खर्च होतो, त्यातले किती वाटेत गळते, कोणत्या भागाला किती मिळते, हा शहराचा पाण्याचा ताळेबंद गणेशोत्सवाच्या सुमारास मागितला तरच तो अंदाजपत्रकाच्या वेळी हाताशी असेल.

कागद पाहण्याचा हक्क

ताळेबंद मांडायचा तर आकडे लागतात. आणि आकडे मिळवण्याची वाट याच जिल्ह्याने राज्याला दाखवली आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी १९९१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभे केले. कामांचा खर्च कागदावर एक आणि जमिनीवर दुसरा, हे सिद्ध करायचे तर कागद हाती पडला पाहिजे, या अनुभवातून १९९७ पासून माहितीच्या अधिकाराची मागणी पुढे आली. ऑगस्ट २००३ मध्ये हजारे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसले आणि त्याच सुमारास राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला.

दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत सर्वांना माहीत आहे. त्याच कायद्याचे कलम ४ मात्र दुर्लक्षित आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे, असे ते कलम सांगते. त्यात अंदाजपत्रक, खर्च आणि अनुदानाचे लाभार्थीही येतात. याखेरीज राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून जिल्हा स्तरावरील व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची मुभा दिली. एकट्यादुकट्याने गेलेल्या माणसाला ‘साहेब बाहेर गेलेत’ हे उत्तर मिळण्याचा संभव असतो. पाच जण दर सोमवारी जाऊ लागले, की फायली सापडू लागतात.

ही वाट पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. माहिती वैयक्तिक असली तरी व्यापक जनहितासाठी ती देता येईल, अशी त्या कलमातच असलेली सोय त्यामुळे गेली. जनहिताचा आधार कलम ८(२) मध्ये अद्याप शिल्लक आहे. पण ठेकेदाराचे नाव किंवा लाभार्थ्यांची यादी ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली गेली, तर अर्जदाराला ते कलम स्वतः दाखवून द्यावे लागेल. अर्ज नाकारला गेल्यास तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगापुढील रांग लांब असल्याने या वर्षीचा ठेका तपासायचा असेल तर अर्जही याच वर्षी जायला हवा.