टेबलावरचा डाग

आमच्या घरच्या सागवानी टेबलावर एक काळा डाग आहे. मी दहा वर्षांचा असताना तो माझ्या नावावर जमा झाला. टेबलावर आईने विणलेले कापड सदैव अंथरलेले असे. एके दिवशी माझ्या हातून शाईची दौत कलंडली. कापड उचलून पाहतात तो खाली वीतभर काळा पट्टा! बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बाबा आता नाहीत. गेल्या दिवाळीच्या आधी टेबलाला पॉलिश करायचे ठरले, तेव्हा सुतारमामांना म्हटले, "तेवढा शाईचा डाग काढा." त्यांनी चारसहा वेळा रंधा मारला. लाकूड उजळले, पट्टा जागचा हलेना. मग त्यांनी मला टेबलाखाली वाकायला लावले. फळीच्या खालच्या अंगालाही तोच पट्टा!

"सर, शाई इतकी खोल जात नाही. हे लाकडाचंच आहे."

मग मी पुस्तके उघडली. (प्राध्यापकाला दुसरे काय येते?) साग पावसाळ्याच्या तोंडाशी झपाट्याने वाढतो, तेव्हाचे लाकूड मोठ्या छिद्रांचे; पुढे वाढ मंदावते, लाकूड घट्ट होते. वर्षाला असे एक वलय. ओंडका मध्यातून उभा चिरला तर फळीवर सरळ रेघा उमटतात. कडेने चिरला तर डोंगरामागे डोंगर दिसावेत तशा कमानी. विलायती ओकमध्ये गाभ्याकडून सालीकडे जाणारे रुंद पट्टे असतात. मध्यातून चिरलेल्या फळीवर ते रुपेरी चमकतात आणि जाणकार त्यांच्यासाठी जादा पैसे मोजतात. सनमायकावर मात्र तीच गाठ दर दोन हातांवर पुन्हा भेटते!

सागाच्या गाभ्यात चिरताना काळपट पट्टे पुष्कळदा दिसतात. उजेड लागला की ते बरेचसे निवळतात आणि लाकूड सोनेरी होते. आमच्या टेबलाला उजेड लागतो कशाला? ते जन्मभर कापडाखाली!

आईला हे सांगितले. ती बराच वेळ त्या पट्ट्यावरून हात फिरवीत राहिली. "ह्यांना कळायला हवं होतं रे," एवढेच म्हणाली, आणि कापडाची घडी करून तिने ती कपाटात ठेवली.

टेबल आता खिडकीशी आहे. पट्टा हळूहळू फिकट होतो आहे, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे थोडे वाईटच वाटते.