बाजारात हरलेली खेळयंत्रे

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळावयाचे जे छोटे यंत्र असते, त्याला कन्सोल असे म्हणतात. आपल्याकडे ते 'व्हिडिओ गेम' किंवा नुसते 'टीव्ही गेम' या नावानेच ओळखले गेले, आणि त्यात खोचावयाच्या प्लास्टिकच्या डबीला 'कॅसेट' हे नाव पडले. १९९० नंतरच्या दशकात छोट्या गावांच्या बाजारांत जी यंत्रे दिसत, त्यांतील बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. मूळ यंत्राचे नावही कित्येकांना ठाऊक नव्हते, पण खेळ सर्वांना पाठ होते.

प्रस्तुत लेखात मला सांगावयाचे आहे ते अशा खपलेल्या यंत्रांविषयी नव्हे. जी यंत्रे मोठ्या अपेक्षेने बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत दुकानांतून नाहीशी झाली, त्यांची हकीकत मला अधिक बोधप्रद वाटते. ती वाचताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. यंत्र हरते तेव्हा त्यातील कल्पना खोटी असतेच असे नाही. पुष्कळदा किंमत, खेळांचा साठा आणि ज्या घरात ते जावयाचे त्या घराची परिस्थिती, या तिहींपैकी कशाचा तरी विचार अपुरा राहिलेला असतो.

प्रथम कॅसेटचीच गोष्ट घेऊ. आरंभीच्या यंत्रांत ठरावीक खेळ कायमचे बसवलेले असत. त्यांचा कंटाळा आला की यंत्र अडगळीत जाई. १९७६ साली अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीने 'चॅनल एफ' हे यंत्र काढले. त्यात खेळ असलेली डबी काढून दुसरी घालता येत असे. चालू खेळ मध्येच थांबवून ठेवण्याची सोयही त्यात होती. या कामाची धुरा जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याकडे होती. परंतु पुढच्याच वर्षी अटारी कंपनीचे यंत्र आले. पुढे त्याच्यासाठी लोकप्रिय खेळांची रीघ लागली आणि चॅनल एफ मागे पडले. डबी बदलण्याची कल्पना जगभर गेली. लॉसन यांचे नाव मात्र मागे राहिले. त्यांचा जाहीर गौरव झाला तो २०११ च्या मार्च महिन्यात, आणि एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे यंत्र 'व्हेक्ट्रेक्स'. ते १९८२ साली आले. घरातल्या टीव्हीची त्याला गरजच नव्हती, कारण त्याचा स्वतःचा पडदा होता. त्यावर चित्र ठिपक्यांऐवजी सरळ रेषांनी काढले जाई, त्यामुळे ते अत्यंत रेखीव दिसे. रंग नव्हते, म्हणून पडद्यावर रंगीत पारदर्शक पत्रा लावीत. आपल्याकडेही काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर अशीच रंगीत काच लावण्याची पद्धत होती, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. व्हेक्ट्रेक्सचे दुर्दैव असे की १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा सारा बाजारच कोसळला. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुरात वाहून जाणारे झाड नेहमी पोकळच असते असे नाही.

तिसरे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. १९९३ साली 'थ्रीडीओ' हे यंत्र सुमारे ७०० डॉलर किमतीला विक्रीस आले. इतर कंपन्या यंत्र जवळजवळ मूळ खर्चात विकत आणि नफा खेळांवर मिळवीत. थ्रीडीओ कंपनी मात्र स्वतः यंत्र बनवीतच नव्हती. तिने आराखडा दिला आणि पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांनी यंत्रे बनवली. खेळांवरील मानधन थ्रीडीओकडे जाणार, तेव्हा बनवणाऱ्याला आपला नफा यंत्राच्या किमतीतच काढणे भाग पडले. १९९५ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन अमेरिकेत २९९ डॉलरला आले आणि त्यापुढे थ्रीडीओचा निभाव लागला नाही.

याच १९९५ साली निन्टेन्डोसारख्या बलाढ्य कंपनीचेही 'व्हर्च्युअल बॉय' हे यंत्र पडले. टेबलावर ठेवलेल्या खोक्यात डोळे खुपसून खेळावयाचे आणि चित्र फक्त लाल रंगात पाहावयाचे, असा तो प्रकार होता. शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नसे. वस्तुतः अर्धी गंमत शेजाऱ्याच्या आरडाओरड्यात असते! हे यंत्र करणारे गुनपेई योकोई हेच १९८९ च्या अतिशय गाजलेल्या 'गेम बॉय'चेही जनक होते. एकाच माणसाच्या हातून यश आणि अपयश दोन्ही घडले.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९५ साली सेगा कंपनीचे 'मेगा ड्राइव्ह' हे यंत्र शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात आले. मद्यनिर्मितीसाठी ओळखली जाणारी ही कंपनी खेळयंत्रे विकू लागली, यामागे ८० टक्के आयातकर चुकवण्याचा हिशोब होता. तरीही किंमत १८,००० रुपये! परदेशात लोकप्रिय ठरलेले यंत्र आपल्या मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरच राहिले आणि नकली यंत्रांनी बाजार व्यापला.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८८ साली ब्रिटनच्या 'स्पेक्ट्रम प्लस'ची परवानाधारक आवृत्ती काढली. तो खरे तर घरगुती संगणक. पण त्यावर खेळही भरपूर चालत. त्याला पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि साठवणीसाठी गाणी ऐकण्याचा साधा टेपरेकॉर्डर पुरे होई. घरात जे होते त्यावरच त्याने भागवले आणि म्हणून तो येथे रुजला.

२००३ साली आलेला नोकियाचा 'एन-गेज' आपल्याकडेही विकला गेला. फोन आणि खेळयंत्र एकत्र, ही त्याची कल्पना. परंतु खेळ बदलावयाचा तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे, आणि बोलताना फोन कानाशी आडवा, कडेवर धरावा लागे. लोक हसले. आज मात्र आपल्या एस.टी. स्टँडवर कोणाच्याही हातातील फोनकडे पाहा. कल्पना तीच आहे.

शेवटचे नाव 'झीबो'. हे यंत्र मुद्दाम आपल्यासारख्या देशांसाठी योजले होते. कॅसेट नाही, खेळ मोबाइलच्या जाळ्यातून उतरवून घ्यावयाचे, म्हणजे नकलांचा प्रश्नही मिटेल, असा विचार होता. २००९ मध्ये ते ब्राझीलमध्ये आणि नंतर मेक्सिकोत आले. भारताचेही नाव यादीत होते. पण २०११ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि झीबो आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही. दुकानात न जाता खेळ मिळवण्याची त्याची रीत मात्र आता सर्वत्र रूढ झाली आहे.

आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. स्वयंपाकघरात स्टील आले म्हणून पितळेची घडण वाईट ठरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. यंत्रांच्या बाबतीत आपण हे का विसरतो? खप किती झाला हा एक प्रश्न आहे आणि काम कसे होते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की लॉसनसारखी माणसे इतिहासातून गळतात.

विजयी यंत्रे जपणारे पुष्कळ आहेत. हरलेली भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर ती का हरली याचा पुरावाही जातो. म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या घरच्या माळ्यावर एखादे जुने खेळयंत्र, कॅसेट किंवा त्याची माहितीपुस्तिका पडून असेल, तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी महाविद्यालयात आणून दाखवावी. यंत्र चालू नसले तरी हरकत नाही.