आठवे कॉलेज कोणते?

स्टॅनफर्ड विद्यापीठ कॅलिफोर्नियात, प्रशांत महासागराच्या बाजूला. पण २०२४ पासून त्याचे संघ ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळतात. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मोठ्या क्रीडासंघटना नवा सदस्य घेताना टीव्हीच्या हक्कांचा पैसा आधी पाहतात, प्रवास नंतर. त्या ओढाताणीत स्टॅनफर्डच्या आधीच्या, १९१५ चा वारसा सांगणाऱ्या ‘पॅक-१२’ संघटनेत दोनच विद्यापीठे उरली होती.

आपल्याकडे कोणी कोणाशी खेळायचे हे जिल्ह्याची हद्द ठरवते. शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा आधी कोल्हापूर, सांगली, सातारा अशा विभागांत होतात, मग आंतरविभागीय. पलूस सांगली विभागात, दूरचे जतही त्यातच. कितीतरी जवळचे कराड मात्र सातारा विभागात.

या विभागांना धक्का न लावता पलूस परिसरातल्या कॉलेजांनी कबड्डीची स्वतःची साखळी उभी करावी, असे मला मनापासून वाटते. बाद पद्धतीत आठ संघ असले तर चार संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या मुलाच्या वाट्याला चाळीस मिनिटे येतात. साखळीत तेच आठ संघ २८ सामने खेळतात, प्रत्येकी सात. फसलेली चढाई पुढच्या आठवड्यात सुधारता येते.

मग घ्यायचे कोणाला? पलूस, रामानंदनगर, भिलवडी ही घरचीच. कडेगाव, विटा, तासगाव आणि ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) यांच्याबद्दल वाद नसावा, कारण सामना आटोपून त्याच संध्याकाळी एसटीने घर गाठता येते. मुलींचा संघ टिकतो की मोडतो, हे पुष्कळदा त्या परतीच्या गाडीवरच ठरते. कडेगाव आणि ईश्वरपुरात कन्या महाविद्यालयेही आहेत. मुलांचा संघ नाही म्हणून त्यांना बाहेर ठेवू नये. अमेरिकेतले नोटर डेम विद्यापीठ बहुतेक खेळ अटलांटिक संघटनेत खेळते, अमेरिकन फुटबॉल मात्र स्वतंत्रपणे. तसे फक्त मुलींच्या स्पर्धेपुरते सदस्यत्व देता येईल.

खरा प्रश्न आठव्याचा. सांगलीचे विलिंग्डन १९१९ पासूनचे, नावाने मोठे. ते आले तर स्पर्धेचा बोलबाला होईल. तरी मी कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज म्हणेन. सांगलीकरांशी विभागातच गाठ पडू शकते. कराडशी पडायला आंतरविभागीयपर्यंत मजल मारावी लागते. शिवाय कराड, रामानंदनगरला लागून असलेली किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही पुणे-मिरज लोहमार्गावरचीच स्थानके.

नावापेक्षा कॉलेज खेळाडूच्या मागे किती उभे राहते ते पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. आज इतके कोणी मागत नाही. पूर्णवेळ शारीरिक शिक्षण संचालक, स्वतःचे मैदान आणि वेळेवर प्रवासभत्ता, एवढे असले तरी पुरे.

नववे कॉलेज एकटे घेऊ नये; नऊ संघ झाले की प्रत्येक फेरीत एक बसून राहतो. दोन एकदम घेतली तर सामने ४५ होतात, आणि तेवढे बसवायचे तर पावसाळ्यातच सुरुवात करावी लागेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिलवडीत पाणी शिरले होते. म्हणून पहिल्या फेऱ्या विटा-कडेगावच्या कमी पावसाच्या पट्ट्यात ठेवाव्यात आणि नदीकाठची मैदाने ऑक्टोबरपासून घ्यावीत.