विमानाचा धूर आणि प्रवाशाची वही

मंडळी, आम्ही वाकोल्याची माणसे. सांताक्रूझचा विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्याने विमानाची घरघर आमच्या कानांना नवी नाही. आमच्या गल्लीतले रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांच्यापैकी विमानात बसलेले फार थोडे. धुराचा वाटा मात्र सर्वांना मिळतो. जो उडतो त्याने धुराचे मोल द्यावे, हा विचार ‘हरित करा’मागे आहे.

आपण विचाराल, मग तेलावरच कर का घेत नाहीत? देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांच्या तेलावर आपल्याकडे कर आहेच. पण १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारात असे ठरले की, परदेशाहून आलेल्या विमानाच्या टाकीतल्या तेलावर जकात घेऊ नये. पुढे देशादेशांनी आपसांत करार करून ही सूट वाढवली. म्हणून सरकारे तिकिटाकडे वळली. ब्रिटनने १९९४ साली, जर्मनीने २०११ साली तिकिटावर कर बसवला. यात तिजोरी भरण्याचाही हेतू होता, ते लपवण्यात अर्थ नाही. स्वीडनने तो २०१८ साली आणला आणि २०२५ साली काढूनही टाकला. आपल्याकडे या नावाचा कर नाही. मात्र सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के आणि वरच्या वर्गावर १८ टक्के जीएसटी आहे.

येथवर प्रवाशाचे नाव कोठे लागले का? नाही. अंतर किती, वर्ग कोणता, एवढे कळले की कर ठरला. एसटीचा कंडक्टर ‘कुठं जायचं?’ एवढंच विचारतो ना, तसेच.

खरी मेख पुढे आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, जगातली एक टक्का माणसे प्रवासी विमानांच्या सुमारे निम्म्या धुराला कारण आहेत. ब्रिटनमध्ये एक सूचना निघालेली आहे : वर्षातली पहिली फेरी करमुक्त, दुसरीला थोडा कर, पुढे चढता. ऐकायला हे न्यायाचे वाटते. लेकीच्या बाळंतपणासाठी एकदाच परदेशी जाणारी आई आणि दर आठवड्याला दुबई गाठणारा व्यापारी, दोघांना एकच माप का? पण ही तुमची कितवी फेरी, हे कळायला प्रत्येकाच्या नावे खाते उघडावे लागेल. कोण, केव्हा, कोणत्या गावी गेला, सारे त्यात येईल.

असल्या वह्या आजही आहेत. २०२२ च्या नियमांनुसार परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांची माहिती विमान कंपन्यांनी सीमाशुल्क खात्याला द्यायची असते, आणि ती पाच वर्षे ठेवता येते. हेतू चोरटा व्यापार पकडण्याचा. पण एका कामासाठी उघडलेली वही दुसऱ्या कामाला लागते, हा आपला तलाठ्याच्या चावडीपासूनचा अनुभव आहे! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि गरजेपुरताच हात घालावा.

माझे मत विचाराल तर वरच्या वर्गावर आणि लांबच्या अंतरावर कर चढवावा. ऐसपैस आसनाला जागा जास्त लागते, म्हणून त्याच्या वाट्याचा धूरही जास्त. आणि यात नावाची गरजच नाही. फेऱ्याच मोजायच्या असतील, तर गुरुजींच्या हजेरीपटासारख्या मोजाव्यात. मूल आले की नाही एवढेच गुरुजी लिहितात, शाळा सुटल्यावर ते कोणाच्या घरी गेले हे लिहीत नाहीत. फेऱ्यांचा आकडा ठेवावा, गाव आणि तारीख ठेवू नये, आणि वर्ष सरले की तो आकडाही पुसावा.