चिलखत घेताना...

मागच्या पीएलमध्ये रात्री दीडच्या सुमारास आमच्या रूमचं दार वाजलं. वाटलं, कुणीतरी टीओएमच्या नोट्स मागायला आलं असेल. बघतो तर सेकंड इयरचा एक ज्युनिअर, हातात लॅपटॉप आणि चेहरा पडलेला. "दादा, अंगभर डेड्रिक आर्मर घातलाय, तरी ड्रॅगन दोन फुंकरीत मारतोय. लॅपटॉपचा प्रॉब्लेम असेल का?"

लॅपटॉपचा प्रॉब्लेम नव्हता. गेम होता 'स्कायरिम', २०११ चा. जुन्या मशीनवरही चालतो म्हणून आपल्या होस्टेलवर अजून जिवंत आहे. ज्युनिअरने आपण सगळेच करतो तेच केलं होतं. यादीत ज्याचा आकडा सर्वांत मोठा, तो आर्मर उचलून अंगावर चढवला. पण स्कायरिममध्ये तो आकडा फक्त तलवार, बाण, कुऱ्हाड यांच्या मारासाठी. आग, बर्फ, वीज यांना तो आकडा दिसतच नाही. त्यांच्यासाठी वेगळा प्रतिकार लागतो, जो अंगठीत किंवा ढालीवर मंतरून घ्यावा लागतो. म्हणजे आमचा हा वीर लोखंडी कपाटात बसून वणव्यात शिरत होता!

आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. चारही तुकडे अंगावर असताना तो आकडा ५६७ झाला की मार ८० टक्के कमी होतो आणि तिथेच थांबतो. पुढे हजार करा, फरक शून्य. हा सहाशेच्या वर जाऊन बसला होता आणि त्यासाठी सगळे पैसे लोहारकामात घातले होते.

गेम कोणताही असो, पहिल्यांदा बघायचं की आकडा नेमकं काय करतो. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये आर्मरचा आकडा मार कमी करत नाही, तो वार लागण्याची शक्यता कमी करतो. वीस बाजूंचा फासा पडतो, म्हणून एक आकडा म्हणजे साधारण पाच टक्के. लागला तर मात्र पूर्ण लागतो. 'डायब्लो २' मध्येही तसंच, वर गंमत अशी की तुम्ही पळत असाल तर तो डिफेन्स धरलाच जात नाही. (आमच्या सीनिअर्सनी लॅनवर वर्षानुवर्षं पळत पळत जीव दिला, ते उगीच नाही.) आणि जिथे टक्क्यांनी मार कमी होतो, तिथे गणित नीट करा. शून्यावरून ५ टक्क्यांवर गेलात तर १०० चा मार ९५ होतो. पण ७५ वरून ८० वर गेलात तर २५ चा २० होतो, म्हणजे पाचवा हिस्सा वाचला! त्याच पाच टक्क्यांची किंमत कुठे उभे आहात त्यावर बदलते. सुरुवातीला थोडंसं चिलखत घालून फारसं काही होत नाही, पण मर्यादेजवळचा एकेक तुकडा सोन्याचा.

आता वजन. याबद्दल मला खरी अक्कल गेममध्ये आली नाही, ती नगरच्या रणगाडा संग्रहालयात आली. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये हे उभारलं. जिल्ह्यात राहून ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी एक रविवार काढाच. मराठीत आर्मर्ड कोअरला 'चिलखती दल' म्हणतात, तेव्हा आपला विषय सुटलेला नाही.

तिथे ब्रिटिशांचा मॅटिल्डा आहे. समोरचं चिलखत ७८ मिलिमीटर, वजन सुमारे २७ टन, आणि वेग रस्त्यावर ताशी फार तर २४ किलोमीटर. आपला मेसवाला सायकलवर याच्या बरोबरीने जाईल. दुसरीकडे जपान्यांचा हा-गो. वजन साडेसात टनांच्या आत, वेग ४५, आणि चिलखत जाडीत जाडी १२ मिलिमीटर. मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो आणि मला स्कायरिमची यादीच दिसायला लागली. डेड्रिकचा अंगरखा: संरक्षण ४९, वजन ५०. ग्लासचा: संरक्षण ३८, वजन ७. अकरा आकड्यांसाठी सातपट ओझं!

मॅटिल्डाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९४० मध्ये फ्रान्समधल्या आरासजवळ जर्मनांच्या नेहमीच्या रणगाडाविरोधी तोफांचे गोळे याच्यावर आपटून पडत होते. मग त्यांनी विमानं पाडायची ८८ मिलिमीटरची तोफ आडवी केली, आणि ७८ मिलिमीटर एकदम कमी पडले. पुढच्या वर्षी इजिप्तच्या सीमेवर हलफाया खिंडीत तेच झालं. रणगाडा तोच होता, समोरचा शत्रू बदलला होता. ज्युनिअरचं आणि ड्रॅगनचं काय झालं होतं ते आता लक्षात आलं असेल.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक गंमत. एम-४७ पॅटनच्या पुढच्या भागाचं पोलाद १०२ मिलिमीटर आहे, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेलं. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला १०२ भागिले कॉस ६०, म्हणजे २०४ मिलिमीटर कापावे लागतात. जाडी न वाढवता नुसत्या कलण्याने दुप्पट. तलवारीच्या गेममध्ये ही सोय मला अजून कुठे दिसलेली नाही.

पण याच पॅटनचं १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात असल उत्तरला काय झालं? आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, आणि उसाच्या चिखलात पाकिस्तानचे पॅटन रुतले. त्या लढाईत अब्दुल हमीद यांनी उघड्या जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने पॅटन फोडले. जीपला चिलखत नावालाही नव्हतं. ते तिथेच धारातीर्थी पडले. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. म्हणून 'हलकं तेच चांगलं' असं कुणी म्हणू नये. हलक्या वेशाची किंमत कशी चुकवावी लागते तेही त्याच शेतात दिसलं.

पाण्याची ही युक्ती आपल्या जिल्ह्यात त्याच्या साडेतीन शतकं आधी झालेली आहे. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला (आताचं भातोडी) मलिक अंबरने तलावाचं पाणी सोडून मुघल आणि आदिलशाही फौजेची वाट चिखल करून टाकली, आणि हलक्या घोडदळाने त्यांना हैराण केलं. शहाजीराजे त्या लढाईत होते. जड फौजेला लढायच्या आधी चालावं लागतं, हे गेमवाले विसरतात. 'एल्डन रिंग' वाले मात्र विसरू शकत नाहीत. तिथे अंगावरचं ओझं क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की कोलांटी मारताना माणूस गहू भरलेल्या पोत्यासारखा आपटतो. म्हणून अनुभवी खेळाडू आधी ओझ्याची रेघ ठरवतो आणि मग तिच्या आत बसेल तेवढंच चिलखत घेतो. माझीही पद्धत तीच.

चिलखताच्या आत काय आहे, हा प्रश्न गेम फारसा विचारत नाहीत. आपल्याकडचं कड्यांचं चिलखत तलवारीचा काप अडवतं, पण गदेचा दणका तसाच आत जातो. कडी तुटत नाही, बरगडी तुटते. म्हणून त्याखाली कापूस भरलेला जाड अंगरखा घालत. कडी धार अडवते, कापूस धक्का खातो. दोन वेगळी कामं, दोन वेगळे थर. छातीवर वरून चार पोलादी पत्रे बांधले की झालं चारआईना.

आणि डागडुजी. १५९६ च्या वेढ्यात मुघलांनी सुरुंगाने नगरच्या किल्ल्याची भिंत उडवली, तेव्हा चांदबिबी स्वतः चिलखत घालून खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली, असं फेरिश्ता लिहितो. गेममध्ये हे सोपं असतं. चिलखताची झीज पडद्यावर दिसते, लोहाराकडे जा, पैसे टाका, पुन्हा नवं.

आता माझ्या रूममेटची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात वळणावर खडी पसरलेली होती, गाडी घसरली, डोकं रस्त्यावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून उठून चालत आला. हेल्मेटवर एक ओरखडा, बाकी चकचकीत. नंतर तीन आठवडे तो तेच घालून गावाला जात-येत होता. एकदा मी सहज आतलं कापड काढलं. खालच्या थर्माकोलमध्ये अंगठा बसेल एवढा खड्डा! हेल्मेटचं खरं काम तो थर्माकोलच करतो, चिलखताखालच्या कापसाचं. तो चेपतो, डोकं थांबायला चार-दोन सेंटिमीटर जास्त मिळतात, आणि बल तेवढं कमी होतं. वर्क-एनर्जीचं पहिल्या वर्षाचं गणित. पण एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही. त्याच जागी दुसरा दणका बसला तर चेपायला काही उरलेलंच नसतं. ही झीज कुठल्याही पडद्यावर दिसत नाही, आणि त्याला लोहारही नाही. पडलेलं हेल्मेट बदलायचं, आयएसआय मार्क बघून, डोक्यावर हलणार नाही असं.

रूममेट म्हणाला, "अरे, बाहेरून तर नवंच दिसतंय." मी त्याला खड्ड्यात अंगठा घालायला लावला. पुढच्या शनिवारी नवं आणलं.

जुनं आमच्या खिडकीत आहे, त्यात चार्जर आणि मेसची कार्डं ठेवतो. रात्री चहाला जाताना कुणी ना कुणी "दादा, ते हेल्मेट द्या ना दहा मिनिटं" म्हणून यायचं. शेवटी त्याचा पट्टा कापून टाकला.